डिशवॉशर आणि आपली पातेली: दिवाळीपासून आषाढापर्यंतचा अनुभव

दिवाळीत घेतलेला डिशवॉशर आषाढ लागला तरी रोज रात्री चालतोय, म्हणून आता सविस्तर लिहिते. घ्यावा की नाही, असं विचारत असाल तर जरूर घ्या. फक्त आधी आपल्या नळाचं पाणी तपासा आणि पहिला महिना सबुरीने काढा. आमचा चौदा सेटिंगचा आहे आणि घरात पाच माणसं.

ही ‘सेटिंग’ची भानगड आधी समजून घ्यावी. एक सेटिंग म्हणजे एका माणसाच्या जेवणाची भांडी, आणि ती मोजली जातात पाश्चात्त्य टेबलाच्या हिशेबाने: बश्या, कप, काटे-चमचे. १८८६ साली अमेरिकेत जोसेफिन कॉक्रन यांनी ज्या यंत्राचं पेटंट घेतलं, तेही चिनी मातीच्या बश्यांसाठीच होतं. खालच्या जाळीतले उभे दाते आजही बश्या अडकवायला बनवलेले असतात. आपल्याकडे मात्र खोल वाट्या, काठाची ताटं, आमटीचं पातेलं, कुकरचे डबे. सुरुवातीला वाट्या धुताना उलटायच्या आणि दार उघडल्यावर प्रत्येकीत हळदीचं कोमट पाणी साचलेलं दिसायचं. पातेलं पालथं घातलं की त्याच्या बुडावर तळं. यावर तोडगा सापडला तो तिरकेपणात. वाट्या दात्यांमध्ये कलत्या लावायच्या, एकीत दुसरी बसू द्यायची नाही. पातेलं पालथंच, पण एका बाजूला टेकवून. तांब्याचं तोंड अरुंद, फवारा आत नीट पोचत नाही, तो हातानेच घासावा.

एकदा वरच्या जाळीतला लांब दांड्याचा झारा घसरून खाली लोंबला आणि फवाऱ्याचं फिरतं पातं तिथेच अडलं. मशीन आपलं दोन तास चाललं आणि शेवटी निम्म्या भांड्यांवर भात वाळून कडक झालेला. तेव्हापासून दार लावण्याआधी दोन्ही पाती बोटाने एकदा गरकन फिरवून बघतो. झारा, उलथनं, डाव हे सगळं आडवं.

भाचा राहायला आला होता, त्याने मदत म्हणून पावडरच्या कप्प्यात भांडी घासायचं लिक्विड घातलं. फेस दाराच्या फटीतून ओट्याखाली आला. नुसती फरशी पुसून भागत नाही हो, फेसामुळे पंपाला पाण्याचा जोर धरता येत नाही. आम्ही मशीन बंद करून फेस वाडग्याने उपसला आणि फेस येईनासा होईपर्यंत नुसतं पाणी सोडून काढून टाकत राहिलो. घरात लहानमोठं कोणीही मशीन लावणार असेल तर पावडरचा डबा मशीनला चिकटूनच ठेवा.

सगळ्यात जिवाला लागलं ते सासूबाईंच्या अ‍ॅल्युमिनियमच्या कढईचं. एका धुण्यात काळपट पडली आणि हात लावला की बोटं काळी. डिशवॉशरची पावडर तीव्र अल्कलीयुक्त असते, तिने अ‍ॅल्युमिनियम काळवंडतं. लिंबाच्या साली घालून पाणी उकळल्यावर कढई बरीचशी उजळली, पण पहिली झळाळी काही आली नाही. पितळ, तांबं, लोखंडी तवा, लाकडी पोळपाट-लाटणं आणि नॉनस्टिक यांतलं काहीही आत घालू नका. आपल्या रोजच्या स्टीलला मात्र हे मशीन फार मानवतं.

आता पाण्याबद्दल, कारण दुकानात याबद्दल कोणी बोलत नाही. आमच्या सोसायटीत बोअरचं आणि टँकरचं पाणी येतं. काचेच्या पेल्यांवर पांढुरका थर बसायला लागला, तेव्हा आम्ही पावडर बदलली, मग गोळ्या आणल्या, फरक शून्य. शेवटी पाण्याचा कठीणपणा, म्हणजे त्यात विरघळलेले क्षार, तपासायची पट्टी बुडवली. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणाची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतं. आमचं त्या वरच्या टोकाजवळ निघालं. मशीनमध्ये पाणी मृदू करणारी राळ असते. ती कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवते आणि मिठाच्या पाण्याने पुन्हा ताजी होते. पण किती क्षार आहेत ते मशीनला आपण सांगावं लागतं. आमच्या मशीनमधला कठीणपणाचा आकडा दुकानातून आला तसाच, खालच्या अंकावर होता. तो वाढवला, लिंबूसत्व घालून मशीन एकदा रिकामं चालवलं आणि पेले लखलखीत झाले. मीठ डिशवॉशरचंच जाडं घ्या, स्वयंपाकाचं बारीक मीठ नको. भरताना सांडलं तर लगेच मशीन चालवा, नाहीतर आतल्या स्टीलवर गंजाचे ठिपके पडतात.

“आधी धुऊनच घालायची तर मशीन कशाला?” हा माझ्या आईचा प्रश्न. धुवायची नाहीतच. खरकटं चमच्याने काढायचं, बस. पावडरीतली एन्झाइम्स पिठूळ आणि प्रथिनांचे डाग तोडतात. दुधाच्या पातेल्याची खरवड तेवढी आधी भिजवावी लागते. मोहरी आणि कढीपत्त्याचे देठ तळच्या गाळणीत अडकतात. ती दोन दिवस राहिली तर वास मारते, म्हणून आमच्याकडे एक दिवसाआड निघते.

पावसाळ्यात प्लॅस्टिकचे डबे ओलेच निघतात. धुणं संपल्यावर दार थोडं उघडून ठेवलं की स्टील आपल्या वाफेनेच वाळतं, डबे मात्र पुसावे लागतात.

मावशींचं काम आम्ही बंद केलेलं नाही आणि पगारही तोच ठेवलाय. आता त्या भाजी निवडतात, कुकर आणि मोठी कढई घासतात. बारा महिने गार पाण्यात हात घालून त्यांच्या बोटांना भेगा पडायच्या, त्या या थंडीत पडल्या नाहीत. माझ्या दृष्टीने मशीनचे पैसे तिथेच वसूल झाले.

दुकानात जाताना घरातलं सगळ्यात मोठं पातेलं सोबत न्या. खालच्या जाळीत ते तिरकं ठेवा आणि वरची जाळी त्यावरून आत सरकते का, पातं फिरतं का, हे तिथेच बघा. विक्रेता हसला तरी बघाच.