पोर-ओव्हर आणि घरची फेटलेली इन्स्टंट

पणजीतल्या कॅफेत चिकमगळूरच्या अरेबिका जातीच्या कॉफीच्या बिया समोर दळून पोर-ओव्हर, म्हणजे गाळणीतल्या पुडीवर गरम पाणी ओतून काढलेली कॉफी, करून देतात. १५ ग्रॅम पूड, २५० मिली पाणी, तीनेक मिनिटांची संथ धार. वास आणि तो हलका आंबटपणा, यांत इन्स्टंट तिच्या जवळपासही जात नाही. हे आधीच मान्य करते.

पण फोंड्याला घरी सकाळी साडेसहाला मला इन्स्टंटच हवी असते. कपात चमचाभर पावडर, दीड चमचा साखर, थेंबभर पाणी, आणि फेटत राहायचं. काळपट रंग हळूहळू फिकट होतो, चमचा जड लागायला लागतो. मग वरून उकळतं दूध ओतलं की फेस थेट काठापर्यंत येतो. सोबत गरम पोई, आपला गोव्याचा पाव.

इन्स्टंटला कुणी 'नकली' म्हटलं की मला खटकतं. तीही बियांचीच असते. कॉफी आधी काढतात, मग गरम हवेत फवारून किंवा गोठवून तिच्यातलं पाणी काढून टाकतात. तिच्यात बऱ्याचदा कडवट रोबस्टा जातीची कॉफी असते, काही ब्रँडांत चिकोरीही, म्हणजे एका मुळाची भाजलेली पूड. दुधा-साखरेसमोर तोच कडवटपणा टिकतो. नाजूक अरेबिका त्यात बुडून जाते.

खर्चातही घरचीच स्वस्त पडते, हे तर सांगायलाच नको. एक अडचण मात्र खरी आहे: आपल्या जुलैत बरणीचं झाकण सैल राहिलं की पावडरचा दगड होतो. छोटी पाकिटं घ्या, चमचा कोरडा ठेवा. पाहुण्यांना पोर-ओव्हर हवी असेल तर मी त्यांना पणजीला घेऊन जाते. घरी फेटलेलीच मिळेल.