टाकीसाठी दगड: जांभा की नदीतला गोटा?

गोव्यात डिचोली-सत्तरीकडे माशांसाठी गोड्या पाण्याची टाकी मांडणाऱ्याला दगड विकत आणायची खरं तर गरज नाही. परसात जांभा असतो, आणि पाऊस सरला की वाळवंटी, म्हादई नद्यांच्या पात्रात गोटे उघडे पडतात. दुकानातला पांढऱ्या शिरांचा करडा दगड देखणा दिसतो, पण तो बहुतेकदा चुनखडीचा असतो. पाण्याचा हार्डनेस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) आणि पीएच हळूहळू चढवतो. मॉली माशांना चालेल, टेट्रा माशांसाठी नको. समुद्रावरच्या शिंपल्यांचंही तेच.

दिसण्यात मला जांभाच उजवा वाटतो. लोह-ॲल्युमिनियमची ऑक्साइडं, चुना जवळपास नाहीच, त्यामुळे पीएच हलत नाही. ॲन्युबियास या पाणवनस्पतीची मुळं त्याच्या भोकांत पक्की धरतात.

पण ती लाल पूड! जांभ्याचा चिरा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, हवेवर टणक होतो हे खरं. तरी कितीही घासून धुवा, पाणी भरताना पाइपाची धार लागली की तांबूस पूड सुटतेच. पानांवर बसते, आणि फिल्टरचा स्पंज पिळला की बादलीत गेरू कालवल्यासारखं पाणी. शिवाय उरलेलं खाणं भोकांत शिरतं, तिथे सायफनची नळी पोचत नाही. दर पाणीबदलाला हेच, म्हणून मी जांभा काढला. जुन्या गडग्यातला (दगडी कुंपणातला), वर्षानुवर्षं पावसाने धुतलेला तुकडा कदाचित बरा वागेल. एका मित्राकडे तसा आहे आणि त्याचं पाणी नितळ आहे.

गोट्यांना हा त्रास नाही. ब्रश मारला की शेवाळ निघतं, घाण खाली वाळूत पडते, नळीने ओढून घेता येते. काळ्या बसाल्टचे गोटे मला सगळ्यात भरवशाचे वाटतात, आणि त्यांच्यापुढे निऑन टेट्रा खुलून दिसतात. फक्त पांढरे ठिपके किंवा शिरा नीट बघा. त्या गारेच्या (क्वार्ट्झच्या) असतील तर चाकूने ओरखडा उठत नाही. कॅल्साइटच्या असतील तर उठतो, आणि त्या ओरखड्यावर व्हिनेगरचे थेंब टाकले की बारीक बुडबुडे येतात. व्हिनेगर सौम्य असतं, म्हणून थोडं थांबून, जवळून बघा. बुडबुडा दिसला की गोटा बाजूला.

खाणपट्ट्यातल्या ओढ्यांतले वाजवीपेक्षा जड, चकाकणारे तुकडे मी घेत नाही. ते धातूचं खनिज असू शकतं. अभयारण्याच्या हद्दीतून तर काहीच उचलू नये.

दगड उकळू नका, आत मुरलेल्या पाण्याने तडकू शकतो. कडकडीत पाणी ओतून घासा, उन्हात वाळवा. मोठे गोटे आधी तळाशी फोमच्या तुकड्यावर बसवा आणि मग वाळू भरा. वाळूवर ठेवलेला गोटा सिक्लिड मासे खालून उकरतात, आणि तो घसरला तर थेट काचेवर जातो.