कोर्टाचा खर्च कोणाच्या खिशातून? ठोक फी, वेगळा खर्च की मोफत वकील

रावेर-यावलकडची एखादी बहीण वडिलांच्या केळीच्या वावरात हिस्सा मागायला निघते, तेव्हा ती वकिलाची फी तेवढी विचारते. कोर्ट फी, समन्सची प्रोसेस फी (समन्स पोहोचवण्याचा खर्च), नकला, मोजणी, कोर्ट कमिशनर (कोर्टाने जागेची पाहणी वगैरे करायला नेमलेला माणूस) हा खर्च मात्र त्या फीत आपोआप येत नाही. तो पक्षकाराचाच असतो.

"साहेब, ठोक सांगा" म्हटलं की आकडा एकच कळतो आणि हायसं वाटतं. पण त्यात कोर्ट फी धरली आहे का? दावा अपिलात गेला तर? हे वकीलपत्रावर सही करण्याआधी कागदावर यायला हवं. मला तरी फी वेगळी, खर्च वेगळा आणि प्रत्येक खर्चाची पावती हीच पद्धत बरी वाटते. सुरुवातीला जड जाते, पण पैसा कुठे गेला हे दिसतं. कोर्ट फी बहुतेक दाव्यांत मूल्यांकनावर, म्हणजे दाव्याची जी किंमत धरली तिच्यावर ठरते आणि तिची कमाल मर्यादा 10 लाख रुपये आहे, म्हणून मूल्यांकन किती धरलं तेही विचारा.

भूसंपादनाच्या वाढीव मोबदल्यात "निकाल लागला की इतके टक्के" असं कोणी म्हणालं तर थांबा. बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलाला निकालावर अवलंबून फी ठरवता येत नाही, मिळालेल्या रकमेत वाटाही घेता येत नाही.

जिंकलात तर समोरच्याने खर्च द्यावा असा हुकूम कोर्ट करू शकतं, पण त्यात वकिलाला दिलेली सगळी फी क्वचितच वसूल होते. तो पैसा धरून घरचा हिशेब मांडू नका.

तिसरी वाट विधी सेवा प्राधिकरणाची, म्हणजे मोफत वकील देणाऱ्या सरकारी यंत्रणेची, आणि लोक तिथे उगाच संकोचतात. 1987 च्या कायद्यानुसार महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग आणि कोठडीतले यांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मागता येतो. इतरांसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 3 लाख आहे. यात कोर्ट फी आणि नकलांचा खर्चही येतो. वकील पॅनेलवरचा, म्हणजे प्राधिकरणाच्या यादीतला असतो, मनाजोगाच मिळेल असं नाही. तरी त्या बहिणीने आधी इथेच जावं. अर्ज जळगाव, धुळे, नंदुरबारच्या जिल्हा न्यायालयात किंवा तालुका विधी सेवा समितीकडे करता येतो. विचारपूस 15100 या हेल्पलाइनवर.

दावा लोकअदालतीत मिटला तर भरलेली कोर्ट फी परत मिळते. तो परताव्याचा अर्ज वकिलाकडून आठवणीने करून घ्या.