संवादासाठी कोणता माइक: बूमवरचा शॉटगन की कॉलरवरचा?

ठाण्यात शॉर्टफिल्म करायची म्हटली की निम्मे सीन कुणाच्या तरी वन बीएचकेत होतात, उरलेले तलावपाळीच्या तळ्याकाठी किंवा येऊरच्या जंगलात. आतला आणि बाहेरचा आवाज एकाच माइकवर भागत नाही, म्हणून खरेदीआधी स्क्रिप्टमधले आतले सीन मोजा.

नव्या मंडळींचा ओढा शॉटगनकडे, म्हणजे लांब नळीच्या माइककडे असतो. सेनहायझरचा एमकेई 600 खरंच चांगला. फँटम पॉवर (केबलमधूनच माइकला मिळणारी वीज) नसेल तर साध्या पेन्सिल सेलवरही चालतो. पण शॉटगन लांबचा आवाज जवळ आणत नाही, बाजूचे आवाज दाबतो. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज 6 डेसिबलने उतरतो. त्यामुळे तो कॅमेऱ्यावर बसवून फारसा फायदा नाही. बूम, म्हणजे माइकची लांब काठी, धरणारा माणूस हवाच, आणि माइक फ्रेमच्या अगदी कडेला, वरून छातीकडे रोखलेला. फ्लॅटमध्ये अडचण वेगळी. टाइल्स आणि उघड्या भिंतींवरून परतलेला आवाज नळीच्या खाचांतून शिरतो आणि बोलणं डब्यातून आल्यासारखं लागतं.

अशा खोलीत माझं मत कॉलर माइकला. बोया बीवाय-एम1 स्वस्त आहे, वायर 6 मीटर, फोनलाही लागतो. तोंडापासून वीतभर अंतरावर असल्याने खोलीचं घुमणं मागे पडतं. डोकेदुखी एकच, कपड्याची खरखर. वायरीचा छोटा वेढा करून माइकखाली मेडिकल टेपने चिकटवा, म्हणजे ओढ माइकपर्यंत पोचत नाही. मंगळसूत्र हमखास वाजतं; तिथे माइक खांद्याकडे, पदराच्या पिनेजवळ सरकवा.

वायरलेस सुटसुटीत, पण स्वस्त सेट बहुधा 2.4 गिगाहर्ट्झवर चालतात, वायफायच्याच पट्ट्यात. घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये घरोघरी राउटर, त्यामुळे सिग्नल तुटू शकतो. घ्यायचाच तर अंगावरच्या ट्रान्समीटरमध्येही रेकॉर्डिंग होणारा घ्या, म्हणजे तुटलेलं तिथून मिळतं.

रेकॉर्डर 24 बिट, 48 किलोहर्ट्झवर ठेवा, मोठ्यात मोठं बोलणं त्याच्या मीटरवर उणे 12 डेसिबलच्या आसपास. कान झाकणाऱ्या हेडफोनवर पैसे वाचवू नका, पंखा-फ्रीजची घरघर तिथेच पकडली जाते. फ्रीज बंद केलात तर गाडीची किल्ली त्यातच ठेवा, म्हणजे निघताना तो चालू करायचं विसरणार नाही.

आतले सीन जास्त असतील तर दोन कॉलर माइक विकत घ्या. तलावपाळीच्या एका दिवसासाठी शॉटगन भाड्याने आणा, केसाळ विंडशील्ड मात्र मागून घ्या. पाण्यावरच्या वाऱ्याला नुसता फोम पुरत नाही.