पाकिटावर झेंडू, आत कॅलेंड्युला (२ स्टार)

दसऱ्याला घरचा गोंडा पाहिजे म्हणून ऑनलाइन बियांचं पाकीट मागवलं, फोटोत पिवळीधम्मक फुलं, मराठीत मोठ्ठ्या अक्षरात झेंडू आणि खाली बारीक अक्षरात पॉट मेरीगोल्ड. म्हटलं कुंडीत लावायचा असेल. आम्ही नागावचे, अलिबागजवळ, आमच्याकडे झेंडूला गोंडाच म्हणतात.

पाकीट फोडलं तर बिया वाकड्या, खडबडीत, अळीसारख्या. सासूबाई बघूनच म्हणाल्या, अगं ही गोंड्याची नाही, गोंड्याची बी म्हणजे काळी काडी आणि तिला फिकट शेपटी. मी म्हटलं हायब्रीड असेल. (हे आता वर्षभर ऐकायचंय.)

जुलैअखेर वाडीत वाफा केला, उगवण चांगली झाली, खोटं कशाला बोलू, पण पानं साधी लांबट, गोंड्यासारखी कातरलेली नाहीत, चुरगळली तरी तो वास नाही, आणि श्रावणातल्या पावसात बरीचशी रोपं बुडातून कुजली. दसऱ्याला शेवटी बाजारातूनच आणला गोंडा, त्या दिवशीचा भाव सांगायला नको.

मग पाकिटावरचं लॅटिन नाव शोधलं, कॅलेंड्युला ऑफिसिनॅलिस. होमिओपॅथीच्या दुकानात मलम मिळतं ना, तेच झाड. आपला झेंडू टॅजेटिस इरेक्टा, मूळचा मेक्सिकोचा, तरी इंग्रजीत आफ्रिकन मेरीगोल्ड, आणि मखमलीला, म्हणजे छोट्या झेंडूला, म्हणे फ्रेंच, ती पण मेक्सिकोकडचीच! मेरीगोल्ड नाव आधी कॅलेंड्युलाचं, झेंडू युरोपात नंतर पोचला आणि त्यालाही तेच चिकटलं. झाडांना लॅटिन नावं देणाऱ्या लिनियस ह्या शास्त्रज्ञाने १७५३ सालीच दोघांना वेगळी नावं देऊन ठेवलीयत, तरी ह्या पाकीटवाल्यांनी मेरीगोल्ड दिसलं की झेंडू छापलं. बरं, पेरायचं कधी ते पण नाही लिहिलेलं, कॅलेंड्युलाला थंड हवा लागते, आपल्या पावसात कसा टिकणार तो?

कस्टमर केअरला फोटो पाठवले तर उत्तर आलं, मॅडम मेरीगोल्डच आहे. आता ह्यावर काय बोलणार.

उरलेल्या बिया दिवाळीनंतर कुंडीत टाकल्या, जानेवारीत फुलल्या. फुलं खरंच सुंदर, संध्याकाळी मिटतात, पानं हाताला चिकट लागतात. तोरणात ओवून बघितली तर दुपारपर्यंत माना टाकल्या.

बियांना ४, पाकिटाला शून्य, म्हणून २. थंडीत कुंडीसाठी हवी असतील तर बिनधास्त घ्या. दसऱ्यासाठी घेत असाल तर बी हातात घेऊन बघा, शेपटी नसेल तर तो गोंडा नाही.