टो प्लेट्स: जुन्या गाडीच्या घरगुती अलाइनमेंटसाठी

मारुती ८०० किंवा जुन्या झेनचा टो (वरून बघता पुढची चाकं आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत ते) घरीच सेट करायचा असेल, तर अ‍ॅल्युमिनियमच्या टो प्लेट्सची जोडी पैसा वसूल आहे. पुढच्या दोन्ही चाकांना प्लेट टेकवा, खाचांत टेप अडकवून दोन प्लेट्समधलं चाकांच्या पुढचं आणि मागचं अंतर मोजा; फरक म्हणजे एकूण टो. पुढचं कमी भरलं तर टो-इन, म्हणजे चाकं पुढून आत वळलेली. किती हवा, ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा.

रडगाणं एकच: स्वस्त जोडीसोबतच्या टेप. हूक ढिला असतो, एखादा मिलिमीटर सहज चुकतो, आणि इथे सगळा खेळच मिलिमीटरचा. टेपांची अदलाबदल करून पुन्हा मोजा.

त्याआधी टायरची हवा सारखी करा, टाय रॉड (स्टिअरिंगकडून चाक वळवणारा दांडा) चाकाला जोडणारा सांधा, म्हणजे टाय रॉड एंड, हलवून बघा; प्ले, म्हणजे ढिलेपणा, असेल तर मोजणं फुकट. मुंबईच्या पावसाने टाय रॉडचा लॉकनट (त्याला जागेवर घट्ट धरणारा नट) हमखास जाम झालेला असतो, आदल्या रात्रीच गंज सोडवणारा स्प्रे मारा. टो बदलायला दोन्ही टाय रॉड सारखेच, पाव-पाव वळसा फिरवा, नाहीतर स्टिअरिंग वाकडं राहतं. फिरवल्यावर गाडी थोडी पुढे ढकलूनच मोजायचं. सोसायटीतल्या उतारावर हा उद्योग नकोच.

कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल), कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा पुढे-मागे कल) यात कळत नाही. त्यासाठी मशीनवालाच गाठावा लागेल.