मोठ्या टायपाचं पवित्र शास्त्र: मोतीबिंदूनंतरची खरेदी

डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि घरातलं जुनं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, वाचवेना. खसखस सांडल्यासारखं अक्षर. म्हणून नगरमधल्या एका ख्रिस्ती पुस्तकांच्या दुकानातून मोठ्या टायपाचं, काळ्या कव्हरचं, झिपवालं घेतलं. ८५० रुपये. पाच महिने रोज हातात आहे, तेव्हा दोन शब्द लिहितो.

बांधणी शिवलेली आहे, नुसती गोंदाची नाही. टेबलावर उघडं ठेवलं की पसरून पडतं, हातानं दाबून धरावं लागत नाही. अक्षर वर्तमानपत्राच्या दीडपट. वजन मात्र स्वयंपाकघरातल्या काट्यावर १ किलो ७०० ग्रॅम भरलं. उपासनेला नेलं तर खांदा दुखतो, झोपून वाचायला गेलात तर छातीवर पाटा ठेवल्यासारखं होतं. कागद पातळ, मागची छपाई पुढे दिसते. शाईच्या पेनानं खूण करू नका, पेन्सिलच वापरा. झिप दुसऱ्याच आठवड्यात अडकली, मेणबत्ती घासल्यावर चालू लागली. आणि बायबलातल्या 'गणना' नावाच्या पुस्तकात दोन पानं कापलेलीच नव्हती. तिथवर फारसं कोणी पोचत नाही म्हणून कोणाच्या लक्षात आलं नसावं.

बदलून घ्यायला गेलो तर दुकानात 'कृपेनेच तुमचे तारण झाले आहे' अशी मोठी पाटी, आणि बरोब्बर तिच्याखाली 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही'. मालक पावती मागू लागले, ती माझ्याकडे नव्हती. घरी येऊन ब्लेडनं पानं कापली.

आता मोठ्या टायपाचा फायदा, जो मला खरेदी करताना ठाऊक नव्हता. मी ३१ वर्षं पतसंस्थेत नोकरी केली, त्यातली बरीचशी सोनेतारणाच्या खिडकीवर. तिथे 'तारण' म्हणजे काय, तर पाटल्या ठेवा आणि पैसे न्या. काही ठेवल्याशिवाय काही मिळायचं नाही. रविवारी चर्चमध्ये तोच शब्द, पण अर्थ उलटा: आपल्याकडे ठेवायला काहीच नाही आणि तरी सुटका झालेली आहे. खोटं कशाला बोलू, मी आयुष्यभर रविवारचं तारणसुद्धा खिडकीवरच्या तारणासारखंच धरून चाललो. रोज रात्री खिशातल्या डायरीत राग, खोटं, आळस असे रकाने पाडून टिंबं द्यायचो. डिसेंबरात बेरीज. कमी भरली तर नाताळ जरा मोकळ्या मनानं व्हायचा.

जुन्या प्रतीत रोमकरांस पत्राचा (पौलानं रोममधल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेलं, नव्या करारातलं पत्र) सहावा अध्याय अर्ध्या पानात संपायचा, डोळा सरकून जायचा. इथे त्याच्या २३ वचनांना दोन पानांपेक्षा जास्त लागतात. पहिलं वचन उजव्या पानाच्या अगदी तळाशी आलंय: 'कृपा वाढावी म्हणून आपण पापात राहावे काय?' उत्तर पान उलटल्यावर. छापणाऱ्याच्या हे ध्यानीमनीही नसणार, पण बोट पानाच्या कोपऱ्यावर थांबतं आणि प्रश्न आपल्यालाच विचारल्यासारखा होतो. माफी फुकट आहे, तर मग चालू द्या की! आमच्या धाकट्यानं दहावीत असताना हेच विचारलं होतं आणि मी त्याला दटावून गप्प केलं होतं. पौल दटावत नाही. 'कधीच नाही!' म्हणतो आणि लगेच कारण देतो: बाप्तिस्म्यात तुम्ही ख्रिस्ताबरोबर मेलात, पुरले गेलात. पाप हा धनी, आणि मेलेल्या गुलामावर धन्याचा हक्क राहत नाही. रोममध्ये गुलाम पुष्कळ असत, ऐकणाऱ्यांना हे समजावून सांगावं लागलं नसेल.

माझ्यातला कारकून इथे अडला. कर्जदार मेला म्हणून पतसंस्था खातं बंद करत नाही, जामीनदाराला धरते. हे चर्चच्या पाळकसाहेबांना बोललो तर ते हसले, म्हणाले, काका, इब्री ७:२२ काढा. तिथे, इब्री लोकांस पत्रात, येशूला जामीन म्हटलंय. मग रोमकरांसच्या त्याच सहाव्या अध्यायात अकराव्या वचनात 'आपण पापाला मेलेले असे माना' म्हटलंय, त्यातल्या 'माना' या शब्दाबद्दल त्यांनी सांगितलं, की मूळ ग्रीक क्रियापद हिशेबातलं आहे, खात्यावर अमुक एवढं धरा म्हणतो तसं. म्हणजे 'मी पापाला मेलो' असं वाटून घ्यायचं नाही, जमेला पडलेली रक्कम आहे म्हणून धरून चालायचं. पासबुकात एंट्री दिसत असताना रोज खिडकीशी येऊन 'पैसे आले का हो?' विचारणारे खातेदार मी पुष्कळ पाहिलेत. त्या रांगेत मीही होतो, हे तोवर सुचलं नव्हतं.

शेवटच्या वचनात पापाचं 'वेतन' आणि देवाचं 'कृपादान' समोरासमोर येतात. वेतन कमावलेलं असतं, त्यावर हक्क सांगता येतो. दानावर कसला हक्क! ग्रॅच्युइटी या शब्दाचं मूळही लॅटिनमधल्या कृपेशीच जातं म्हणे, पण १९७२च्या कायद्यानं तिचा हक्क झाला आणि ती मी भांडून घेतली.

भाषेबद्दल एक तक्रार. 'नीतिमत्त्व' (देवापुढे निर्दोष ठरणं) हा शब्द मोठ्या टायपातही जडच वाटतो, घरच्या मंडळी तिथे दर वेळी अडखळतात. पंडिता रमाबाईंनी बायाबापड्यांना कळावं म्हणून मूळ हिब्रू-ग्रीकवरून सोप्या मराठीत बायबलचं भाषांतर केलं. ते १९२४ साली, त्या गेल्यावर दोन वर्षांनी निघालं. त्या सोपेपणाची आठवण इथे येते.

सहाव्यानंतर सातवा अध्याय जरूर वाचा. 'जे नको तेच हातून घडतं' म्हणणारा पौल तिथे भेटतो. माझ्या प्रतीत सर्वांत मळलेलं पान तेच आहे, कारण राग अजून येतो. परवा रिक्षावाल्यावर आलाच.

घ्यायचं तर दुकानात उभं राहून सगळी पानं चाळून घ्या, आणि पावती सांभाळा. प्रवासासाठी घेऊ नका. डायरी मी टाकली नाही, तिच्या उरलेल्या कोऱ्या पानांवर सध्या दुधाचा हिशेब चालू आहे.